एका ओळीत मावलेली तंबाखू

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, चंद्रपूर
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, गडचिरोली

विषय : बिडी आणि खर्रा दोन्ही घेणाऱ्यांची स्वतंत्र नोंद व उपचार

महोदय,

तीस वर्षे व त्यापुढील वयाच्या स्त्री-पुरुषांची असंसर्गजन्य आजारांसाठी, म्हणजे मधुमेह, उच्च रक्तदाब, कर्करोग आणि श्वसनाचे जुनाट विकार यांसाठी, घरोघर प्राथमिक चाचपणी करताना आशा स्वयंसेविका जो फॉर्म भरतात आणि जो आरोग्य खात्यात सर्वत्र ‘सीबॅक’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो, त्यात व्यसनाच्या तंबाखूविषयी एकच प्रश्न आहे. धूम्रपान करता का, अथवा गुटखा, खैनी यांसारखे धूरविरहित पदार्थ खाता का, असे दोन्ही एका दमात विचारले जाते. ‘कधीच नाही’ या उत्तराला शून्य, ‘पूर्वी होते किंवा अधूनमधून’ याला एक आणि ‘रोज’ याला दोन गुण मिळतात. वय, कंबरेचा घेर, मद्यपान, शारीरिक हालचाल आणि घराण्यातील आजार यांचे गुण त्यात मिळवून बेरीज चारच्या वर गेली, तर त्या व्यक्तीस तपासणीसाठी अग्रक्रमाने पाठवायचे असते. याचा अर्थ असा की, चंद्रपूर जिल्ह्याच्या सावली तालुक्यातील एखाद्या गावात रोज बिडी ओढणाऱ्यास दोन गुण मिळतात, बिडीला न शिवता रोज खर्रा खाणाऱ्यासही दोन गुण मिळतात, आणि जो दोन्ही करतो त्यालाही दोनच मिळतात. प्रस्तुत पत्र त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे.

याच फॉर्मच्या पुढील भागात स्वयंपाकासाठी लाकूड वापरले जाते, की शेतातला काडीकचरा, की गोवऱ्या, कोळसा, रॉकेल वा गॅस, अशी इंधनाची सविस्तर विचारपूस आहे, आणि ती योग्यच आहे, कारण चुलीचा धूर फुप्फुसांना किती जाचतो हे आता निर्विवाद आहे. चुलीबाबत इतकी चौकशी करणाऱ्या फॉर्मने तंबाखू मात्र एका ओळीत उरकावी, हे या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने विशेष अडचणीचे आहे. देशाच्या ज्या भागांत तंबाखूचे एकच रूप चालते, तेथे एका ओळीने काम भागत असेल. या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहणाऱ्या वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर ते भागत नाही.

खर्रा म्हणजे कच्च्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून, ओलसर होईपर्यंत घोटून तयार केलेले मिश्रण. ते पानठेल्यावर मिळते, पन्नीत बांधूनच खिशात ठेवले जाते आणि चिमूट-चिमूट गालात धरले जाते. बिडी म्हणजे तेंदूच्या पानात गुंडाळलेली तंबाखू, आणि ते पान याच जंगलांतून दर उन्हाळ्यात तोडले जाते. दोन्ही वस्तू एकाच माणसाकडे असण्यामागे कामाच्या दिवसाची रचना असते. धानाच्या रोवणीत हात चिखलात आणि वरून पाऊस असताना बिडी पेटत नाही, पेटली तरी टिकत नाही. तेव्हा गालात खर्रा असतो. बांधीवरून घरी परतल्यावर, जेवण झाल्यावर किंवा शेकोटीपाशी बिडी निघते. ज्या ठिकाणी थुंकणे शक्य नाही तेथे बिडी आणि ज्या ठिकाणी धूर काढणे शक्य नाही तेथे खर्रा, अशी ही वाटणी झाली की निकोटीन शरीराला सोडून जाण्यास दिवसात फुरसत उरत नाही.

निकोटीन हे तंबाखूतील व्यसन लावणारे द्रव्य होय. बिडीच्या झुरक्यातून ते फुप्फुसांवाटे रक्तात आणि तेथून काही सेकंदांत मेंदूत पोचते, व तितक्याच लवकर त्याची पातळी उतरू लागते. गालात धरलेल्या खर्ऱ्यातून ते हळूहळू झिरपते, पण बराच वेळ झिरपत राहते. चुन्याचे काम इथे केवळ चवीचे नसते, कारण चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मी अवस्थेत निकोटीन तोंडाच्या आतील अस्तरातून अधिक सहजपणे आत शिरते. एक वस्तू झटका देते आणि दुसरी पातळी राखून धरते. दोन्ही वापरणाऱ्याचे व्यसन म्हणूनच अधिक घट्ट असते, आणि एकच सोडायला सांगितले की दुसऱ्याचे प्रमाण गुपचूप वाढते. समुपदेशनाच्या नोंदीत मात्र अशा माणसापुढे ‘बिडी सोडली’ असा शेरा पडतो आणि तो यशस्वी प्रकरणांत मोजला जातो.

बिडीविषयी एक गैरसमज फार जुना आहे. ती लहान असते, तिच्यात तंबाखू थोडी असते, तेव्हा ती सिगारेटपेक्षा सौम्य असावी, असे मानले जाते. प्रत्यक्षात तेंदूचे पान कागदाइतके सच्छिद्र नसल्यामुळे बिडी सहज विझते, ती पेटती ठेवण्यासाठी झुरके वारंवार आणि जोराने घ्यावे लागतात, आणि त्यामुळे डांबर, निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड यांचा डोस सिगारेटच्या तुलनेत कमी न राहता पुष्कळदा वाढतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. दुसऱ्या बाजूस सुपारीतील ॲरेकोलीन आदी द्रव्यांमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जातात, गाल आतून कडक होतात आणि तोंड उघडणे क्रमाक्रमाने कमी होते. या विकारास मुखाचा तंतुमयता विकार म्हणता येईल, आणि तो कर्करोगपूर्व अवस्थांपैकी एक आहे. धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवास निश्चित कर्करोगकारक ठरवलेल्या पहिल्या गटात घातले आहे. सुपारीसाठी तर तंबाखूची सोबतही लागत नाही. चुन्याने आणि सुपारीच्या कडांनी आधीच खरचटलेल्या अस्तरावर बिडीचा गरम धूर पडतो, तेव्हा धुरातील कर्करोगकारक द्रव्यांना खोलवर जाण्याची वाट आयती मिळते.

एकत्रित वापराने हानीची केवळ बेरीज होते की त्याहून अधिक काही होते, हा प्रश्न वैद्यकशास्त्रात अजून पूर्ण सुटलेला नाही आणि अवयवागणिक त्याचे उत्तर बदलते. हृदयाबाबत मात्र एक मोठा पुरावा हाताशी आहे. ५२ देशांतील २७ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे तंबाखूविषयक निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्यांदा हृदयविकाराचा झटका आलेल्या व्यक्ती आणि तसा झटका न आलेल्या व्यक्ती यांची त्यात तुलना होती. तंबाखू कधीच न घेणाऱ्यांशी ताडून पाहता, केवळ तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता सुमारे सव्वादोन पट आढळली, केवळ बिडी ओढणाऱ्यांत जवळजवळ तिप्पट, आणि ओढणे व चघळणे दोन्ही करणाऱ्यांत चौपटीहून थोडी अधिक. सीबॅक फॉर्म ज्या तीन माणसांना समान गुण देतो, तेच हे तीन गट आहेत.

या तिसऱ्या गटाचा आकार किती, याचा अंदाज सरकारी आकड्यांतूनच बांधता येतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेत होते आणि ३.८ टक्के धूम्रपान करत होते. शेवटचे दोन आकडे मिळवले तर २८.२ होतात, म्हणजे सुमारे १.६ टक्के प्रौढ दोन्हीकडे मोजले गेले आहेत. वरवर पाहता हा आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु धूम्रपान करणारे मुळात ३.८ टक्केच असल्याने त्याचा अर्थ असा होतो की, महाराष्ट्रात ओढणाऱ्या दर पाच जणांपैकी सुमारे दोन जण चघळतातही. देशपातळीवर हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश आहे. राज्याच्या सरासरीत मुंबई-पुणे येतात, जेथे खर्रा फारसा घोटला जात नाही. पूर्व विदर्भाचे चित्र त्या सरासरीपेक्षा सौम्य असेल, असे मानण्यास काहीच आधार नाही.

बाहेरच्या जगात हाच प्रश्न गेल्या दशकात वेगळ्या वेषात पुढे आला, आणि तेथील वादातून या जिल्ह्यांना शिकण्यासारखे बरेच आहे. ई-सिगारेट म्हणजे निकोटीन मिसळलेला द्रव बॅटरीच्या उष्णतेने वाफेसारखा करून ओढण्याचे उपकरण. तापवलेली तंबाखू हा त्याहून वेगळा प्रकार असून, त्यात खरी तंबाखूच असते, पण ती जाळण्याऐवजी सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते, तर सिगारेटचे जळते टोक ओढताना ९०० अंशांच्या आसपास जाते. जपानमधील नागोया शहरात २०१४ मध्ये असे एक उपकरण बाजारात आले आणि तेथून ते अनेक देशांत पसरले. जाळणे टळल्याने अनेक विषारी द्रव्यांचे प्रमाण घटते, हे कंपन्यांचे म्हणणे निराधार नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका तापवणाऱ्या उपकरणाला तसा दावा करण्याची परवानगी दिली, परंतु तो दावा सिगारेट पूर्णपणे सोडून त्या उपकरणाकडे वळणाऱ्यांपुरता होता, आणि आजाराचा धोका कमी होतो असे म्हणण्याची मुभा त्यात नव्हती. व्यवहारात मात्र जपान व दक्षिण कोरियात असंख्य लोकांनी घरात उपकरण आणि बाहेर सिगारेट, अशी सोयीची वाटणी करून घेतली. बांधीवर खर्रा आणि शेकोटीपाशी बिडी यांहून ती वाटणी निराळी नाही.

अशा दुहेरी वापराचे परिणाम तपासणारे अनेक अभ्यास एकत्र करून २०२४ मध्ये ‘एनईजेएम एव्हिडन्स’ या नियतकालिकात एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सिगारेट व ई-सिगारेट दोन्ही घेणाऱ्यांत हृदयरोग, पक्षाघात, दमा, फुप्फुसांचा जुनाट अवरोधक विकार आणि तोंडाचे आजार यांची शक्यता, फक्त सिगारेट ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २० ते ४० टक्के अधिक आढळली. या निष्कर्षाला एक मर्यादा आहे आणि ती लपवणे अप्रामाणिक ठरेल : यांतील बहुतेक अभ्यास लोकसमूहांच्या पाहणीवर आधारलेले असून, दोन्ही घेणारे लोक मुळातच अधिक व्यसनी किंवा आधीच आजारी असल्यामुळे उपकरणाकडे वळलेले असू शकतात, त्यामुळे कार्यकारणसंबंध पक्का ठरवता येत नाही. तरीही जे लोक ‘थोडी सिगारेट, थोडी वाफ’ हा प्रकार निदान अर्धा फायदा देईल असे समजत होते, त्यांच्या समजुतीला या आकड्यांत कुठेही आधार मिळत नाही.

तो आधार का मिळत नाही, हे २०१८ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील एका विश्लेषणाने आधीच दाखवले होते. दिवसाला २० सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या धमनीविकाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. सिगारेट २० वरून एकवर आणली, तर हिशेबाने वाढीव धोका विसाव्या हिश्शावर यायला हवा, पण तो केवळ निम्म्यावर येतो. हृदयाच्या बाबतीत पहिल्या काही झुरक्यांचे मोल सर्वांत जड पडते. म्हणून दिवसाच्या पंधरा बिड्या चारवर आणून उरलेली तलफ खर्ऱ्यावर भागवणाऱ्याच्या हृदयाला त्या अकरा बिड्यांचा लाभ अल्प मिळतो, आणि तोंडाच्या वाट्याला मात्र नवा धोका पूर्ण येतो. फुप्फुसांच्या कर्करोगाबाबत बिड्या कमी करण्याला काही अर्थ आहे. पण तेवढ्यावरून ‘कमी केली, बरे झाले’ असा शेरा देणाऱ्या समुपदेशकाने रुग्णास निम्मेच सत्य सांगितले, असे म्हणावे लागते.

या दोन जिल्ह्यांत आणखी एक बाब विशेष महत्त्वाची आहे, ती म्हणजे सिकलसेल. हा आनुवंशिक रक्तविकार पूर्व विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. त्यात प्राणवायू कमी पडला की तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा रुग्णाने धूम्रपान केले, तर फुप्फुसांतील रक्तप्रवाह अडून छातीत तीव्र वेदना, ताप व धाप लागण्याचा जीवघेणा प्रसंग ओढवण्याची शक्यता वाढते. सिकलसेलची लाल-पिवळी कार्डे देणारी यंत्रणा आणि सीबॅक फॉर्म भरणारी यंत्रणा या एकाच उपकेंद्रात बसतात; कार्डधारकास तंबाखूचा प्रश्न अधिक बारकाईने विचारला जावा, एवढ्यासाठी नवी योजना लागत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता स्थिती चमत्कारिक आहे. ई-सिगारेट व तापवलेल्या तंबाखूची उपकरणे यांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक व जाहिरात २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाली. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. गुटखा व पानमसाला यांवर महाराष्ट्राने २०१२ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदी आणली आणि पुढे सुगंधित तंबाखू, मावा व खर्रा यांनाही ती लागू झाली. बिडी कायदेशीर आहे. उलट वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्यावरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला, आणि तेंदूपानावरील करही घटवला. तेंदूच्या हंगामाची मजुरी या भागात उन्हाळ्यातील घराला किती आधार देते, हे आपणांस सांगण्याची गरज नाही, आणि पेसा व वनहक्क कायद्यांच्या बळावर पान स्वतः विकणाऱ्या ग्रामसभांच्या तोंडचा घास काढावा असेही या पत्राचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की, एक वस्तू बंद, दुसरी कागदावर बंद पण ठेल्यावर खुली, आणि तिसरी सवलतीची, अशी तीन धोरणे एकाच माणसाच्या शरीरात एकत्र येतात, आणि त्याची नोंद कोणत्याच धोरणाच्या वहीत नसते. दारूबाबत दोन तीरांवर दोन कायदे आहेत : गडचिरोलीत १९९३ पासून बंदी टिकून आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. खर्रा दोन्ही तीरांवर सारखाच चालतो, म्हणून बहुधा त्यावर वाद होत नाही.

गडचिरोलीत २०१६ पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था यांच्या सहभागाने मुक्तिपथ अभियान सुरू झाले. गावसंघटना, शाळा आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचार क्लिनिक असा त्याचा विस्तार आहे. दारू व तंबाखू यांना एकाच अभियानात, एकाच गावसभेत आणि एकाच उपचारात हाताळण्याचा तेथील अनुभव हा या विषयातील जवळचा आणि मोलाचा ठेवा आहे. पण अभियानाची हद्द वैनगंगेपाशी संपते. व्याहाडवरून पूल ओलांडला की गडचिरोली शहर येते. सावलीचे लोक बाजाराला, कचेरीला, दवाखान्याला तिकडे जातात, आणि दोन्ही आरोग्य कार्यालयांचे कागद मात्र एकमेकांना भेटत नाहीत. तेव्हा हे पत्र दोघांना मिळून लिहिले आहे.

सीबॅक फॉर्म देशभराचा आहे, आणि तो बदलण्याचा अधिकार जिल्ह्याकडे नाही, हे मान्य करूनच पुढील अपेक्षा मांडल्या आहेत. आशांच्या मासिक बैठकीत एवढेच शिकवता येईल की, तंबाखूचा प्रश्न विचारताना तो तोडून विचारावा : बिडी वा सिगारेट किती, खर्रा किती, आणि शहरात शिकायला वा कामाला गेलेल्या मुलांच्या बाबतीत वाफेचे यंत्र वापरले जाते का. दोन्हींचे उत्तर ‘रोज’ आले, तर फॉर्मच्या समासात ‘दोन्ही’ असे लिहावे आणि बेरीज चारच्या आत राहिली तरी त्या व्यक्तीस तपासणीच्या यादीत घ्यावे. तपासणीच्या दिवशी तोंड उघडण्याची मोजणी करायला उपकरण लागत नाही. रुग्णाने स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालावीत, आणि ती जात नसतील तर त्यास दंतवैद्याकडे पाठवावे. फॉर्ममध्ये तोंड उघडण्यास त्रास होतो का, हा प्रश्न आहेच, पण हळूहळू आवळत गेलेल्या तोंडाची माणसाला सवय होते आणि तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असे सांगतो.

उपचाराच्या बाबतीत सोडण्याचा दिवस दोन्हींसाठी एकच ठरवावा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत समुपदेशनासोबत औषधे देण्याची शिफारस आहे, आणि ती चघळणाऱ्यांनाही लागू आहे. निकोटीनची मात्रा हळूहळू उतरवणारी पट्टी व च्युइंगगम यांचा समावेश भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत झालेला आहे. ज्याचे तोंड नीट उघडत नाही त्याच्या हाती च्युइंगगम देण्यात अर्थ नाही. त्याला पट्टी हवी, आणि दोन्ही घेणाऱ्यास पट्टीची मात्रा ठरवताना केवळ बिड्या मोजून चालणार नाही, खर्ऱ्याच्या पुड्याही मोजाव्या लागतील. तंबाखूच्या वेष्टनांवर छापलेला १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे. तो ठेल्यावरच्या पन्नीवर नसतो, म्हणून उपकेंद्राच्या भिंतीवर तरी असावा.

पुढील तेंदू हंगामापूर्वी, म्हणजे पाने गोळा करण्याच्या फळ्यांवर गर्दी होण्याआधी, दोन्ही जिल्ह्यांतील एकेका तालुक्यात, सावली आणि नदीपलीकडचा एखादा तालुका, अशी समासातील नोंद तीन महिने करून पाहावी आणि आलेले आकडे दोन्ही कार्यालयांनी एकत्र प्रसिद्ध करावेत, ही विनंती.